मूत्रपिंडाचे दुखणे आणि मुलांचा मेंदू
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली, घरसंसार पाहणारी बाई. पण माझ्या नणंदेच्या नऊ वर्षांच्या मुलाची मूत्रपिंडे निकामी झाली. त्याच्याबरोबर वर्षभर डायलिसिसला जाताना डॉक्टरांकडून जे समजले, तेच आज सांगते.

मूत्रपिंड थकले की अंगाला सूज येते, हे आपण जाणतो. त्याचा धक्का मेंदूलाही पोचतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. विजेच्या तारेवर रबर असते, तसे मेंदूतील तंतूंवर मायलिनचे आवरण असते. ते झिजले की मेंदूचे निरोप हातापायांना पोचत नाहीत. कधी सर्दीतापानंतर शरीराची संरक्षक शक्तीच चुकून या आवरणावर उठते. कधी रक्तातले फार उतरलेले सोडियम घाईने वर चढले, तरी त्याला इजा होते. हा दुसरा आजार १९५९ साली अमेरिकेतील डॉक्टरांनी प्रथम नोंदवला. सोडियमशी त्याचा संबंध मागाहून कळला.

आमचा मुलगा तापातून उठला आणि आठवड्याने अडखळत चालू लागला, बोलणे जड झाले. शेजारणी म्हणाल्या, "अशक्तपणा असेल, दृष्ट काढा." नणंद म्हणाली, "वहिनी, याची नजर नेहमीची नाही. आत्ताच निघू." त्याच दुपारी इस्पितळ गाठले. डॉक्टरांनी आधी रक्तदाब पाहिला, कारण तो फार वाढला तरी अशा मुलांच्या मेंदूला सूज येऊन झटके येतात. मग रक्त तपासले, एमआरआय काढला. आवरणालाच सूज होती. पाच दिवस शिरेतून स्टेरॉइड दिले. दीड महिन्याने तो आपल्या पायांनी जिना चढला. डायलिसिस मात्र चालूच आहे.

म्हणून सांगते, मूत्रपिंडाचे दुखणे असलेल्या मुलाला गुंगी, झटका, डोकेदुखीबरोबर उलटी, अंधुक दिसणे किंवा तोल जाणे यांतले काहीही झाले, तर सकाळची वाट पाहू नका. झटका आला तर कुशीवर वळवा. तोंडात चमचा वा पाणी घालू नका. मीठपाणी आपल्या मनाने कमीजास्त करू नका. एमआरआयच्या वेळी मूत्रपिंडाचे दुखणे आवर्जून सांगा; त्यात टोचायची काही औषधे अशा रोग्यांना बाधतात.

दृष्ट काढायची तर खुशाल काढा, पण मुलाला इस्पितळात पोचवल्यावर!