माईक कुणाचा, जीभ कुणाची

(युवक शिबिरात दिलेलं भाषण. बोललो तसं लिहून काढलं आहे.)



मला सांगितलं होतं, तू कविता वाच. मी म्हटलं, कविता नंतर. आज मला एका बेटाबद्दल बोलायचंय. मी दहावी पास, गोदीत कंत्राटावर माल उतरवणारा माणूस. क्यूबाला कधी गेलो नाही, जाईन असंही वाटत नाही. पण पाळी सुटल्यावर लोकलमध्ये कानात तिथलं रॅप घालून कित्येक महिने घरी गेलोय. भाषा स्पॅनिश. एक शब्द कळत नव्हता. तरी कळत होतं की हा जो बोलतोय त्याच्या पाठीवर कुणीतरी उभं आहे. मग शोधलं, वाचलं. जे हाताला लागलं ते तुमच्यापुढे ठेवतो. आपल्या गटाला जयंतीच्या एका मोठ्या स्टेजचं आमंत्रण आलंय, त्यावर आज निर्णय करायचाय. त्या निर्णयाशी या बेटाचा संबंध आहे. कसा, ते शेवटी.

आधी एक तारीख. 11 ऑगस्ट 1973. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स वस्तीत एका इमारतीच्या हॉलमध्ये एक पोरगा बहिणीच्या पार्टीत रेकॉर्डी लावत होता. नाव कूल हर्क. जन्म किंग्स्टनचा, म्हणजे जमैका बेटावरचा. तिथल्या रस्त्यावर भिंतीएवढे स्पीकर लावून लोकांना नाचवायची रीत त्याने लहानपणी पाहिलेली. गाण्यातला जो तुकडा ऐकून लोक चेकाळतात, तोच तुकडा दोन तबकड्यांवर तो फिरवून फिरवून वाजवत राहिला. हिपहॉपचा जन्म इथून मोजतात. आपल्याकडे पँथर 1972 ची. एक वर्षाचं अंतर. आपल्या बापांनी पँथर हे नाव अमेरिकेतल्या काळ्यांकडून घेतलं हे सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच काळ्यांच्या वस्तीत पुढच्याच वर्षी काय सुरू झालं, ते आपण फार उशिरा ऐकलं.

क्यूबाच्या पोरांनीही उशिराच ऐकलं. पण त्यांच्या कानाची तयारी आधीपासून होती, आणि ती तयारी गोदीतली होती.

ऊस तोडायला म्हणून आफ्रिकेतून जवळजवळ आठ लाख माणसं क्यूबात आणून विकली. गुलामगिरी कायद्याने संपली 1886 साली. सुटलेला गुलाम गेला कुठे? हवानाच्या नि मातान्झासच्या बंदरावर, हमाली करायला. दोन जहाजांच्या मधल्या रिकाम्या वेळात हे लोक सुक्या मासळीची खोकी पालथी घालून बडवायचे. ढोल नव्हता तर खोकं. जहाजबांधणीच्या लाकडी खुंट्या एकमेकींवर मारून ताल धरायचे. यातून रुंबा उभा राहिला. आज तो रुंबा जगभरच्या हॉटेलांत वाजतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं की ही चैनीची वस्तू. नाही बाबा. ते हमालाच्या घामाचं वाद्य आहे. मी स्वतः गोण्यांच्या थप्पीवर ताल धरलाय, मला कुणी शिकवू नये. त्या हवाना बंदराच्या गोदी कामगारांचा पुढारी आरासेलिओ इग्लेसिआस, काळा, कम्युनिस्ट. 1948 साली त्याला गोळ्या घालून मारला. गोदीच्या इतिहासात हे नाव आपणही लिहून ठेवावं.

आता दुसरी गोष्ट ऐका, ही तुम्हाला ओळखीची वाटेल. 1908 साली क्यूबातल्या काळ्यांनी स्वतःचा पक्ष काढला. स्पेनविरुद्धच्या लढाईत रक्त आम्ही सांडलं, मग नोकरीत नि सत्तेत आमचा वाटा कुठाय, एवढाच सवाल. 1910 साली कायदा आला की एका वर्णाच्या लोकांचा पक्ष चालणार नाही. कायदा आणणारा सिनेटर कोण? मोरुआ देल्गादो. त्याची स्वतःची आई गुलामगिरीतून सुटलेली बाई. प्रत्येक समाजाला असा एकेक मोरुआ भेटतो, तुम्ही मनातल्या मनात नावं घ्या. 1912 साली पक्षाने बंदी उठवा म्हणून बंड केलं, आणि फौजेने हजारो काळे कापून काढले. राष्ट्राध्यक्ष होता होसे मिगेल गोमेझ.

मग 1959 ची क्रांती. इथे मला प्रामाणिक बोललं पाहिजे. क्रांतीने काळ्याला दिलं. समुद्रकिनारे नि क्लब खुले केले. 1961 साली पोरंपोरी खेड्यापाड्यांत पाठवून म्हाताऱ्यांनाही अक्षर शिकवलं. दवाखाना दिला, शाळा दिली. हे नाकारणारा खोटारडा. पण देऊन झाल्यावर सरकार म्हणालं, आता वर्णभेद संपला. आणि संपलेल्या गोष्टीबद्दल बोलणारा तो फूट पाडणारा, क्रांतीचा शत्रू. काळ्यांच्या वेगळ्या संघटना बंद. ओळखीचं वाटतंय ना? "आता कुठे राहिलीय जात?" हे वाक्य मी गोदीत मुकादमाच्या तोंडून ऐकतो, आणि तोच मुकादम पाण्याचा गडू वेगळा ठेवतो.

हवानाच्या पूर्वेला अलामार नावाची वसाहत आहे. 1970 नंतर कामगारांनी स्वतःच्या हातांनी बांधलेल्या, एकसारख्या काँक्रीटच्या इमारती. आपल्या म्हाडाच्या वसाहती डोळ्यांपुढे आणा नि त्यापुढे समुद्र ठेवा. तिथली पोरं गच्चीवर चढून हँगरच्या तारेचे अँटेना उभे करायची आणि समुद्रापलीकडच्या मायामीचं रेडिओ स्टेशन पकडायची. वारा अनुकूल असला की रॅप यायचं, नाही तर खरखर. कॅसेटवर भरून घ्यायचे, तीच कॅसेट घासून घासून वाजवायचे. इंग्रजी त्यांनाही येत नव्हती. पहिली नाच होता, मग नक्कल, मग स्वतःचे शब्द.

स्वतःचे शब्द कधी आले? पोट खपाटीला गेलं तेव्हा. 1991 साली सोव्हिएत युनियन कोसळलं. त्याचं तेल बंद, त्याचा साखरेचा सौदा बंद. अमेरिकेची नाकेबंदी तर आधीपासून गळ्याशी होतीच. दोनचार वर्षांत देशाचं उत्पन्न एक तृतीयांशाने खाली आलं. वीज नाही, बस नाही, साबण नाही. 1993 साली सरकारने डॉलर चालू केला. आता बघा गंमत. डॉलर येणार कुठून? मायामीतल्या नातेवाइकाकडून. ते नातेवाईक बहुतेक गोरे, कारण क्रांतीनंतर पळालेले बहुतेक गोरेच. दुसरी वाट पर्यटकांच्या हॉटेलांची. तिथे काळ्याला दर्शनी नोकरी नाही, रंग दिसतो म्हणून. आणि काळं पोरगं हॉटेलच्या आसपास फिरलं की पोलीस विचारणार, कार्ड दाखव. म्हणजे संपलेला वर्णभेद डॉलरच्या मागोमाग उघडा होऊन बाहेर आला, पण त्याच्याबद्दल बोलायला भाषा नव्हती. वर्तमानपत्रात नाही, सभेत नाही. ती भाषा रॅपने दिली.

1995 साली अलामारच्या उघड्या नाट्यगृहात पहिला रॅप महोत्सव झाला. रोडोल्फो रेन्सोली नावाच्या माणसाने नि त्याच्या ग्रूपो उनो या गटाने भरवला. मग गटांची रांगच लागली. ओब्सेसिओन, आनोनिमो कोन्सेहो, दोब्ले फिलो. 1998 पासून अमेरिकेतले काळे रॅपरही 'ब्लॅक ऑगस्ट' या नावाने तिथे येऊ लागले. मॉस डेफ, टालिब क्वेली, डेड प्रेझ. आणि हवानात आश्रयाला असलेल्या बायका होत्या. ब्लॅक पँथर असाटा शकूर, अमेरिकेच्या तुरुंगातून निसटून आलेली, 2025 साली हवानातच वारली. आणि नेहांडा अबिओडुन, जी या पोरांना काळ्यांचा इतिहास समजावून सांगायची, 2019 साली गेली. पँथर म्हातारी झाली तरी शिकवत राहिली, हे ध्यानात ठेवा.

ज्या 1912 चा उच्चार कुणी करत नव्हतं, ते 1912 रॅपमध्ये परत आलं. त्या गोमेझचा पुतळा क्रांतीनंतर खाली उतरवला होता, तो पुन्हा चौथऱ्यावर चढवला गेला. ओब्सेसिओनने त्या रस्त्याच्या नावाचं गाणं केलं, मागणी एकच, हा खुनी खाली उतरवा. इतिहासाच्या प्राध्यापकांनी जे केलं नाही ते एका नवरा-बायकोच्या गटाने केलं.

आणि पोरं काळ्याचं दुःख सांगत होती तेव्हा 1999 साली तीन बायका उभ्या राहिल्या, लास क्रूदास. त्यांनी पोरांना विचारलं, तुमच्या घरातल्या काळ्या बाईचं काय? स्टेजवर स्वातंत्र्य आणि घरी आई-बायकोकडून पाय चेपून घेणं, हे दोन्ही चालणार नाही. हा प्रश्न आपल्या हॉललाही लागू आहे. मागे बसलेल्या मुलींनो, हसू नका, उठून पुढे बसा.

आता मुद्द्यावर येतो. सरकारने काय केलं? आधी हे अमेरिकेचं फॅड म्हणून नाक मुरडलं. मग 1999 साली हॅरी बेलाफॉन्टे हा अमेरिकेतला काळा गायक फिडेल कॅस्ट्रोला भेटला नि तासन्‌तास रॅपबद्दल बोलला. त्याच वर्षी संस्कृतिमंत्र्याने जाहीर केलं की रॅप ही क्यूबाची अस्सल अभिव्यक्ती आहे. 2002 साली सरकारी रॅप एजन्सी निघाली. गटांना नोंदणी, कार्यक्रम, पगार. 'मोविमिएन्तो' नावाचं मासिकसुद्धा निघालं.

तुम्ही म्हणाल, वाईट काय? उपाशी पोराला पगार मिळाला. बरोबर. मीही असतो तर गेलो असतो. पण एजन्सीत गेले मोजके गट, बाकीचे शेकडो दाराबाहेर. आत कोण, बाहेर कोण, हे ठरवणारा सरकारी माणूस. ज्याचा माईक त्याने कधी तोंडाने सांगितलं नाही की हे म्हणू नकोस. तशी गरजच पडत नाही. पोरगा लिहितानाच ओळ खोडतो. थोडे वर्षांत चळवळ चिरफाळली. कुणी परदेशी गेलं, कुणी रेगेटॉनकडे वळलं, कारण एजन्सीला विकायला नाचाचं गाणं सोपं.

दुसरीकडे काय चाललं होतं? 2014 च्या डिसेंबरात उघडकीला आलं की यूएसएड या अमेरिकन सरकारी संस्थेच्या पैशाने छुपी माणसं 2009 पासून क्यूबाच्या रॅपरांमध्ये पेरली होती, त्यांना सरकारविरुद्ध वापरावं म्हणून. लोस आल्देआनोस हा सगळ्यात तिखट गट, त्यांना पत्ताच नाही की मदत कुणाच्या खिशातून येतेय. म्हणजे बघा, काळ्या पोराच्या तोंडातल्या शब्दाला एकाच वेळी दोन गिऱ्हाइकं. एकाला तो शब्द गप्प करायचाय, दुसऱ्याला तो भाड्याने घ्यायचाय. पोराला काय म्हणायचंय, ते दोघांनाही नकोय.

शेवट अजून कडू आहे. 2018 साली सरकारने 349 नंबरचा हुकूम काढला. परवान्याशिवाय कला करायची नाही. त्याविरुद्ध हवानाच्या सान इसिद्रो या बंदराजवळच्या गरीब वस्तीत कलाकार जमले. फेब्रुवारी 2021 मध्ये 'पात्रिया ई विदा' गाणं आलं, देश आणि जीवन. परदेशी गेलेले नि बेटावरचे, दोघं मिळून गायले. त्याच जुलैत लोक रस्त्यावर आले. गाण्याला लॅटिन ग्रॅमी मिळालं, पण गाणाऱ्यांपैकी मायकेल ओसोर्बो, सान इसिद्रोचा काळा पोरगा, तेव्हा कोठडीत होता. 2022 साली त्याला नऊ वर्षांची शिक्षा ठोठावली. पुरस्कार गाण्याला, तुरुंग गाणाऱ्याला.

आता आपलं. मागल्या जयंतीची गोष्ट तुम्हा सगळ्यांना माहीत नाही, ती आज सांगतो. आमच्या वस्तीतल्या एका पुढाऱ्याच्या स्टेजवर आम्ही रॅप केलं. कार्यक्रमाआधी त्याचा माणूस आला. प्रेमाने बोलला. म्हणाला, सगळं झकास आहे, फक्त ते गटारात गुदमरून मेलेल्यांचं कडवं तेवढं राहू दे, आज सणाचा दिवस. पाकीट खिशात घातलं. मी काय केलं? मी कडवं गाळलं. कुणी धमकी दिली नव्हती. आणि समोर पहिल्या रांगेत आमच्या चाळीतली बाई बसली होती, जिच्या नवऱ्यावर ते कडवं होतं. तिला माहीत होतं की ते येणार आहे, कारण मी ते तिच्याच ओट्यावर बसून लिहिलं होतं. गाणं संपलं. तिने टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या अजून माझ्या कानात आहेत.

पाकिटातून आम्ही स्पीकर घेतला. तोच हा स्पीकर, ज्यातून मी आत्ता बोलतोय.

म्हणून मी असं म्हणणार नाही की कुणाच्या स्टेजवर जाऊ नका. स्टेज आपल्याकडे नाही, जावं लागेल. अलामारच्या पोरांना जावं लागलं. पण जाण्याआधी तीन गोष्टी ठरवा. एक, शब्द आधी वस्तीत म्हणायचे, चाळीच्या जिन्यात, नाक्यावर. म्हणजे गाळलेली ओळ लोकांना कळेल. दोन, पैसा कुणाचा हे सगळ्यांसमोर विचारायचं, पाकीट एकट्याने घ्यायचं नाही. तीन, कडवं गाळा म्हणाले तर सगळ्या गटाने खाली उतरायचं. खोकं बडवून गाणारे हमाल होतेच की. खोक्याला परवाना लागत नाही.

येत्या जयंतीचं आमंत्रण त्याच पुढाऱ्याचं आहे. मी जायला तयार आहे. पण पहिलं कडवं गटाराचं असेल, आणि त्या बाईला मी कालच सांगून आलोय.

आता हात वर करा, कोण कोण येतंय.

जयभीम.