कुटाचा हिशेब



आपल्या जबलपूरच्या गढा भागात मेडिकल कॉलेज आहे. जबलपूरकर त्याला नुसतं ‘मेडिकल’ म्हणतात. तिथे काय किंवा दुसऱ्या दवाखान्यात काय, किडनीचा आजार निघाला की घरात पहिली आज्ञा सुटते, ‘सुकामेवा बंद!’ काजू-बदामाचा डबा वरच्या फळीवर जातो आणि घर निश्चिंत होतं.

पण मराठी घरात दाणे डब्यातून कुठे खातात? ते कुटातून खातात. कोशिंबिरीत कूट, भरल्या वांग्यात कूट, एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीत कूट आणि वर दाण्याची आमटी. बदाम मोजून चार दिले जातात. कूट मात्र अंदाजानं पडतं.

एकदा काट्यावर 100 ग्रॅम फल्लीदाणे तोलून पाहा. त्यांत साधारण 25 ग्रॅम प्रोटीन, 700 मिलिग्रॅम पोटॅशियम आणि 375 मिलिग्रॅम फॉस्फरस असतं. निरोगी किडनी जास्तीचं बाहेर टाकते. थकलेल्या किडनीला ते जमत नाही. मग पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. फॉस्फरस साठला की अंगाला खाज सुटते, हाडं ठिसूळ होतात.

म्हणून दाणे कायमचे बंद करायचे का? सगळ्यांनी नाही. दाण्यातलं बरंचसं फॉस्फरस फायटेटच्या रूपात असतं आणि ते आपल्या आतड्यांत पुरतं शोषलं जात नाही. कोलासारख्या पेयांत आणि पाकिटबंद पदार्थांत घातलेलं फॉस्फेट मात्र जवळजवळ सगळं अंगात जातं. ज्यांचं पोटॅशियम काबूत आहे, त्यांना डॉक्टरांच्या सल्ल्यानं थोडे बिनमिठाचे दाणे चालू शकतात. श्रीखंडावरच्या चार चिरौंजीच्या दाण्यांनी, म्हणजे आपल्या चारोळीनं, आभाळ कोसळत नाही. पण मनुका, खजूर, जर्दाळू यांना ‘दाणे नाहीत, फळं आहेत’ म्हणून सूट देऊ नका. त्यांतही पोटॅशियम भरपूर असतं.

खरी जोखीम उपासाच्या दिवशी. खिचडी, आमटी, रताळं, खजूर आणि शहाळ्याचं पाणी एकाच दिवशी पोटात जातं. सैंधव उपासाला चालतं खरं, पण तेही सोडियमच. ‘लो सोडियम’ मिठात तर बहुधा सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं, ते विचारल्याशिवाय वापरूच नका. बटाटा हवाच असेल तर फोडी करून भरपूर पाण्यात उकडा आणि ते पाणी फेकून द्या.

डायलिसिसवर असलेल्यांचं गणित आणखी वेगळं. त्यांना प्रोटीन जास्त लागतं, म्हणून शेजारच्या काकांचं पथ्य आपल्या घरी उचलू नका.

तेव्हा माताभगिनींनो, आणि स्वयंपाक करणाऱ्या भावांनो, एवढंच करा. कुटाच्या डब्यात एक ठरलेला चमचा ठेवा. पुढच्या वेळी रक्ताचा रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जाल तेव्हा ‘सुकामेवा चालेल का?’ असं मोघम विचारू नका. ‘दिवसाला या चमच्यानं किती कूट चालेल?’ असं विचारा.