पांढरीची साक्ष

उपासक-उपासिकांनो,

पुरातत्त्ववाले आधी खोदत नाहीत, पायी फिरतात. नांगरलेल्या रानात खापरं शोधतात, सापडली ती जागा नकाशावर मांडतात. मग तुलना होते. नागपूरजवळ जुनापाणीला लोहयुगातली शिळावर्तुळे आहेत. ती मृतांची स्मारके. वैनगंगेकाठच्या पवनीला मात्र तटबंदीचे नगर, अन् जवळच बौद्ध स्तूप! १९६९-७० च्या उत्खननात ते उजेडात आले. म्हणजे विदर्भात धम्म १९५६ साली परत आला, पहिल्यांदा नव्हे.

आपल्या अरुणावतीकाठी जुन्या वस्तीची पांढरी दिसली, तर खतासाठी गाडी भरण्याआधी थांबा. खापरं जिथल्या तिथं राहू द्या, तहसीलीत कळवा. पांढरी उचलली की पुरावाही गेला, बाप्पा!

जय भीम!