दोर धरणारे हात



बऱ्याच वर्षांपूर्वी रामनगरच्या कातळावर एक मुलगी माझ्या दोरावर होती. आठवीतली. हार्नेस नीट होता, आठाची गाठ मी दोनदा तपासली होती. कड्याशी येऊन ती थबकली आणि हळूच म्हणाली, "साकु, सर." पुरे, एवढाच त्या कन्नड शब्दाचा अर्थ. मी म्हणालो, "काही होत नाही, खाली सगळे टाळ्या वाजवतायत बघ." ती उतरली. रात्री जेवली नाही. तंबूत बसून होती, दोन्ही मुठी अजून दोर धरल्यासारख्या आवळलेल्या. तिच्याजवळ बसायचं कसं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी पांघरूण दिलं आणि निघून आलो. ते अजून सलतं.

आज बंगळूरहून रामनगरला, सावनदुर्गला येणारी सगळीच मुलं सहलीची नसतात. कुणी शाळेचं नाव काढलं की थरथरतं, कुणी घरात अबोल झालेलं असतं. डोंगरात गेलं की सुधारेल, असं पालकांना वाटतं. डोंगराचा गुण येतो, हे मी मानतो. पण शिबिराला उपचार म्हटलं की जबाबदारी बदलते. फेब्रुवारी 2024 मध्ये अमेरिकेत, उत्तर कॅरोलायनातल्या अशाच शिबिरात 12 वर्षांचा मुलगा पहिल्याच रात्री खोलीतच मांडलेल्या, झोपायच्या एकट्यापुरत्या बंदिस्त तंबूत गुदमरून दगावला. कर्मचारी त्याच खोलीत होते.

प्रशिक्षकानं मानसोपचारतज्ज्ञ व्हावं, असं मी म्हणत नाही. पण साध्या माणसाला पुष्कळ शिकवता येतं. 1950च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात माणसं कमी होती, तेव्हा डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकून नातेवाइकांनाच रुग्णांजवळ राहायला बोलावलं आणि सांभाळायचं कसं ते शिकवलं. आपल्या बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेनं 1970च्या दशकात शहराबाहेर सकलवाऱ्याला केंद्र उभारून प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या डॉक्टरांना आणि आरोग्य कर्मचाऱ्यांना मनाच्या आजारांची ओळख करून दिली. मग आपल्यालाच का जमू नये?

मूल दोन जेवणं टाळतंय, हे टिपायला प्रशिक्षकांना शिकवा. गप्प बसून ऐकायला शिकवा. आपल्या लोकांना हे सर्वांत जड जातं, कारण धीर देण्याची घाई असते. जीव नकोसा झालाय का, हे सरळ शब्दांत विचारायला शिकवा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट मनातलं बोलायला वाट मिळते. "कुणाला सांगणार नाही" असं वचन मात्र कधी देऊ नका. रात्री दोन वाजता डोंगरात डॉक्टर कुठून आणणार? टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक अहोरात्र चालतो. मात्र रेंज कुठं मिळते, हे मुक्कामाआधीच हेरून ठेवा.

आणि शेकोटीभोवती मुलांना आयुष्यातलं दुःख सांगायला लावणं कृपा करून थांबवा. रडलेलं मूल मोकळं झालं असं आपण समजतो आणि दुसऱ्या दिवशी ते सगळ्यांच्या नजरा चुकवत फिरतं. उघडलेली जखम बांधणारं तिथं कुणी नसतं.

राहिली गोष्ट आपल्या पोरांची. विशी-पंचविशीतले प्रशिक्षक असं मूल आठ दिवस सांभाळतात आणि सोमवारी नव्या तुकडीसमोर उभे राहतात. शिबिर संपलं की आपण दोर धुतो, सावलीत वाळवतो, कुठं घासलाय का ते इंच इंच चाचपतो. तेव्हाच अर्धा तास काढून त्यांना बसवा आणि काय झेपलं नाही ते बोलू द्या. आज दुपारी आपण हेच करून पाहणार आहोत. चहा झाला की खुर्च्या गोल मांडा; मीही व्यासपीठ सोडून तिथं येतो. सुरुवात त्या मुलीपासून मी करीन.