गंजाडचा दहावीचा वर्ग



दहावीचा वर्ग मागे वळून पाहतो, तेव्हा गंजाडसारख्या गावात त्याला प्रथम रिकामे बाक आठवतात. भातकापणी उरकली की डहाणू-तलासरीतील अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांची वाट धरतात आणि आठवीतला सोबती दिवाळीनंतर दिसेनासा होतो. जो टिकला, त्याच्यासाठी बहुधा एखादी आजी घरी थांबलेली असते. गुणपत्रिकेत तिची नोंद नसते!

घरी वारली बोली आणि पुस्तकात प्रमाण मराठी, हे अंतरही याच मुलांनी तोडले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्याकडे जावे, हे कोसबादच्या टेकडीवर ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी ओळखले होते. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली ती त्यातूनच.

याच गंजाडचे जिव्या सोमा मशे. बालपणीच्या आघाताने वाचा थिजलेले हे मूल धुळीत रेघा ओढून मनातले सांगे. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री लाभली. २०१८ मध्ये ते निवर्तले.

निकालानंतरचा प्रश्न अकरावीचा. गाव सोडावे लागले तर वसतिगृह हवे, आणि त्याचा अर्ज भरण्याचे दिवस नेमके आवणीच्या धांदलीत येतात. तेवढा एक दिवस पालकांनी आताच राखून ठेवावा.