‘पुस्तकाची मजा नाही राव!’

आज एक कबुली द्यायचीय. सिनेमा संपल्यावर थिएटरच्या पायऱ्या उतरतानाच ‘पुस्तकाची मजा नाही राव’ म्हणणारे लोक असतात ना, मी त्यातलाच. ‘शाळा’ बघूनसुद्धा मी हेच म्हणालो होतो.

मिलिंद बोकील यांची ही कादंबरी २००४ची. आणीबाणीचे दिवस, नववीतला मुकुंद जोशी आणि त्याला आवडणारी शिरोडकर. सुजय डहाके यांनी त्यावर केलेला सिनेमा २०१२मध्ये थिएटरात आला. मराठीतला सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि रूपांतरित पटकथा, असे दोन राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाले.

तरी माझी तक्रार होतीच. कादंबरीत सगळं मुकुंदच सांगतो. वर्गात तो गप्प बसला असला तरी त्याच्या डोक्यातली बडबड आपल्याला ऐकू येते. सिनेमात ती बरीचशी गेली आणि समोर राहिला नुसता चेहरा.

गेल्या दिवाळीत हाच सिनेमा घरी बाबांसोबत बघितला. बाबा पेपर सोडून काही वाचत नाहीत. त्यामुळे मी आपला सुरू, “बाबा, पुस्तकात इथे ना...” तर म्हणाले, “जरा गप्प बस रे.” पडद्यावर मुकुंद शिरोडकरकडे नुसता बघत होता. बाबाही नुसते बघत होते.

सिनेमा संपल्यावर म्हणाले, “मीपण तेव्हा नववीतच होतो.” आणि मग त्यांनी त्यांच्या वर्गातल्या एका मुलीची गोष्ट सांगितली. तिच्या वडिलांची बदली झाली, ती गेली, आणि हे तिच्याशी एक शब्दही बोलले नव्हते. आई शेजारी बसून हसत होती. मी मात्र हे तीस वर्षांत पहिल्यांदा ऐकत होतो.

तेव्हा लक्षात आलं, मुकुंदची बडबड कापली गेली, तिथेच बाबांना स्वतःचं आठवायला जागा मिळाली. मी ज्याला उणीव म्हणत होतो, त्यातूनच ते आत शिरले. बडबड मला अजूनही हवीच आहे. पण ‘आधी पुस्तक वाचा, मग बोला’ हे आता मी कुणाला सांगत नाही.

बाबांनी नंतर कादंबरी मागून घेतली. चाळीसाव्या पानावर आहेत. काल म्हणाले, “हा मुलगा फार बोलतो रे!”

तुमच्या घरी कुठल्या सिनेमानं कुणाला बोलतं केलं? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!