माप दोन इंच भरलं का?

मी येवला तालुक्यातली. वीस वर्षं शिलाई करते आणि गेली चार वर्षं शिलाईचा धडा मोबाइलवरून विकते. कपडा नाही, धडा. तो कसा विकला जातो हे सांगायला मला इथे बोलावलंय. पण आधी तो कसा विकला गेला नाही, ते सांगते.

पहिल्या वर्षी मी ब्लाउजच्या कटिंगचे तीसेक व्हिडिओ केले. कटोरी, प्रिन्सेस, बोटनेक, काही सोडलं नाही. बघणाऱ्या पुष्कळ, पैसे देणारी एक नाही. का देईल? ब्लाउज शिकवणाऱ्या मोबाइलवर ढीगभर आहेत, त्याही फुकट. आमच्या बचत गटातल्या एका ताईने तोंडावर सांगितलं, "तुझ्यापेक्षा त्या दुसऱ्या बाईचं लवकर समजतं." राग आला, पण खरं होतं.

मग माझ्या भाचीने विचारलं, "मावशी, तुला फोन करून बायका काय विचारतात गं?" तेव्हा ध्यानात आलं. संक्रांत झाली की पाडव्यापर्यंत एकच प्रश्न असतो: लहान मुलीची शिवलेली नऊवारी कशी कापायची? शाळेचं स्नेहसंमेलन, शिवजयंतीचं लेझीम, पाडव्याची शोभायात्रा. डोंबिवलीत १९९९ साली पाडव्याची शोभायात्रा सुरू झाली आणि आता गावोगावी निघते. मोठ्या बाईच्या नऊवारीचं कटिंग बऱ्याच जणी शिकवतात. चिमुरडीचं कोणी नीट सांगत नव्हतं. बाजारात तयार मिळते ती वयावर. सहा वर्षांच्या दोन मुली शेजारी उभ्या करा, एक काडी आणि एक गुटगुटीत. वयावर कसं जमायचं?

म्हणून मी तेवढीच एक वस्तू केली. मुलींच्या नऊवारीचे कागदी नमुने, कमर आणि आसन या दोन मापांवर. आसन म्हणजे पुढच्या कमरेपासून पायांमधून मागच्या कमरेपर्यंतचं माप. सगळा काष्टा त्याच्यावर उभा असतो. नमुन्याची फाइल आणि सोबत चार छोटे व्हिडिओ, किंमत १४९ रुपये.

ही अक्कल काही माझी नाही. अमेरिकेत बटरिक नावाच्या शिंप्याने १८६३ मध्येच मापामापाचे कागदी नमुने विकायला काढले होते. ते पोस्टाने घरोघर जायचे. आपल्याकडे कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' १९७० साली आलं, त्यात वाटी-चमच्याचं माप दिलं, म्हणून नव्या सुनांना स्वयंपाक जमला. आपल्या नाशिकचं मुक्त विद्यापीठही १९८९ पासून घरबसल्या शिकवतंय. मोबाइल नवा आहे, बाकी जुनंच.

घेणाऱ्या दोन तऱ्हेच्या. एक, आपल्यासारख्या गावातल्या शिवणाऱ्या. दुसऱ्या, परदेशातल्या मराठी मंडळांतल्या आया. त्यांच्या घरी मशीन असतं, पण गल्लीत शिंपी नसतो. त्यांचे पैसे पुण्या-नाशिकच्या सासूबाईंच्या मोबाइलवरून येतात, मग मी फाइल परदेशी पाठवते. गिऱ्हाइकं थोडीच. पण विचारायला येते ती बहुतेक घेऊनच जाते.

आता जे सांगायला अवघड जातं ते. दुसऱ्या वर्षी एका ताईने फाइल घेतली. तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानात छापली, पानं चिकटवली आणि साडी कापली. साडी तिच्या आईची होती, आई आदल्या वर्षी वारलेली. नातीच्या अंगावर आजीची साडी दिसावी एवढीच तिची इच्छा. शिवून झाली, मुलगी उभी राहिली तर छान, खाली बसली तर काष्टा ताणून शिवण उसवली. तिने फोटो पाठवला. खाली एवढंच लिहिलं होतं, "ताई, माझं काय चुकलं?"

तिचं काहीच चुकलं नव्हतं. छापताना कॉम्प्युटर पान आपोआप कागदात बसवायला जातो आणि सगळं थोडं लहान करतो. शंभरातले तीन गेले तरी २४ इंचांच्या आसनात पाऊण इंच जातो. दुकानदाराला तरी काय दोष देणार? माझ्या धड्यात हे कुठे लिहिलंच नव्हतं. मी पैसे परत केले, स्वतः जाऊन पदराचा तुकडा जोडून काष्टा वाढवून दिला. मुलगी नाचली. पण साडीला जोड लागला तो लागलाच. कपडा एक बिघडला तर एकच बिघडतो. धड्यातली चूक मात्र जितक्या घरी फाइल गेली, तितक्या घरी जाते. त्या रात्री सगळ्या गिऱ्हाइकांना एकेक करून फोन लावले.

तेव्हापासून पहिल्या पानावर एक चौकोन असतो, दोन इंच बाय दोन इंच. खाली मोठ्या अक्षरात: आधी हे एकच पान १०० टक्के आकारात छापा, टेपने मोजा, दोन इंच भरलं नाही तर पुढचं छापू नका. आणि नमुना आधी जुन्या चादरीवर कापायचा, फोटो मला पाठवायचा, मी हो म्हटल्यावरच साडीला कात्री. पैठणी असेल तर मी हो म्हणतच नाही. येवल्याची आहे मी, माझा हातच धजत नाही.

फाइल पुढे ढकलली जाते का, हे सगळ्याजणी विचारतात. जाते. एका गटात माझीच फाइल मला फुकट आली! पहिल्यांदा रडू आलं. पण चादरीचा फोटो बघून "डावीकडे अर्धा इंच सोड" असं सांगणारी मी काही फाइलबरोबर जात नाही. फुकटवाल्या काहीजणी नंतर पैसे देऊन आल्या, सगळ्या नाही. आणि आपणही जपायचं बरं का. दुसऱ्याच्या पुस्तकातली आकृती स्कॅन करून विकायची नाही. १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे, आणि कायदा नसता तरी चोरी ती चोरीच.

पेठ-सुरगाण्याच्या ताई ऐकत असतील. तुमच्या नागलीच्या पापडाचं पीठ किती शिजवायचं, ते तुम्हाला हाताने कळतं. ते वाटी-चमच्यात आणि मिनिटांत लिहून बघा. पण आधी शेजारणीला तो कागद वाचून एकटीला पापड करू द्या. तुम्ही मध्ये बोलायचं नाही. फार अवघड जातं ते, मला माहीत आहे.

परवा मनमाडहून एका आईचा फोन आला. मुलीच्या पायाला कॅलिपर आहे, नऊवारी बाजूने उघडणारी हवी. भाची म्हणाली, "मावशी, हे विकणार कोणाला?" मला ठाऊक नाही. रविवारी माप घ्यायला जाते आहे. चेन लावावी की चिकटपट्टी, तेवढं अजून ठरत नाहीये. तुमच्यापैकी कोणी असं शिवलं असेल तर रेडिओ केंद्राला कळवा.